कॉलेज फुटबॉल संघाचा रनिंग गेम आणि आक्रमणाचा समतोल कसा जोखावा

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये ११ नोव्हेंबर २०२३ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या संघाने पेन स्टेटला त्यांच्याच मैदानावर २४-१५ असे हरवले. अधिकृत आकडेवारीत मोजल्या गेलेल्या मिशिगनच्या अखेरच्या सलग ३२ खेळी धावेच्या, म्हणजे चेंडू फेकण्याऐवजी हातात घेऊन पळण्याच्या, होत्या. क्वार्टरबॅक, म्हणजे खेळी चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, जे. जे. मॅकार्थीने संपूर्ण सामन्यात अवघे ८ पास फेकले आणि त्यांतून ६० यार्ड मिळाले, तर धावून मिळालेले यार्ड होते २२७. निव्वळ टक्केवारी पाहणारा माणूस या आक्रमणाला एकांगी म्हणेल. मात्र हाच संघ दोन महिन्यांनी १५ पैकी १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. म्हणून धावा आणि पास यांची संख्या सारखी आहे का, हा प्रश्न येथे फारसा उपयोगाचा नाही. प्रतिस्पर्ध्याला काय येणार हे ठाऊक असतानाही संघ हवे तेवढे यार्ड काढू शकतो का, आणि त्याची धाव व पास एकमेकांचे काम सोपे करतात का, हे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे कोणताही प्रेक्षक वही-पेन घेऊन स्वतः काढू शकतो.

महाराष्ट्रातून अमेरिकी विद्यापीठांत शिकायला गेलेली मुले पहिल्याच सत्रात या शनिवारच्या खेळात ओढली जातात आणि इकडे घरचेही हळूहळू सामने पाहू लागतात. पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी १२ ला सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेनऊला दिसतो, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळे मागे गेली की साडेदहाला. अशा वाचकांसाठी एवढी उजळणी पुरे : आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. प्रत्येक खेळीत चेंडू धावून न्यायचा किंवा फेकायचा असतो. धावून चेंडू पुढे नेण्याची संघाची एकूण क्षमता म्हणजे रनिंग गेम.

पहिली पायरी : आकडे स्वच्छ करून घ्यावेत

कॉलेज फुटबॉलच्या अधिकृत नोंदीत एक मोठी गफलत दडलेली आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे चांगले जाणकारही फसतात. क्वार्टरबॅक पास टाकण्याच्या बेतात असताना बचावपटूंनी त्याला मागेच लोळवले, तर त्याला सॅक म्हणतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये सॅकमुळे गेलेले यार्ड पासच्या खात्यातून वजा होतात, पण कॉलेजच्या नोंदीत तेच यार्ड धावेच्या खात्यातून वजा होतात आणि ती खेळी धाव म्हणून मोजली जाते. म्हणजे पास टाकण्याच्या प्रयत्नातले अपयश रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, माथी मारले जाते. आघाडी घेतलेला संघ शेवटी वेळ घालवण्यासाठी गुडघा टेकतो, त्या खेळीही धाव म्हणूनच धरल्या जातात.

समजा, एखाद्या संघाच्या नावावर ३६ धावा आणि १०८ यार्ड आहेत. सरासरी ३ यार्ड, म्हणजे वाईट. पण त्यांत ४ सॅक असून त्यांनी ३० यार्ड गमावले आहेत आणि दोनदा गुडघा टेकण्यात ३ यार्ड गेले आहेत. या सहा खेळी बाजूला काढल्या की ३० धावांत १४१ यार्ड उरतात आणि सरासरी ४.७ वर जाते. एकच संघ, एकच सामना, पण निष्कर्ष अगदी उलटा. सामन्याच्या तपशीलपत्रकात सॅकची संख्या आणि गमावलेले यार्ड वेगळे दिलेले असतात. ही वजाबाकी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दर सामन्यामागच्या यार्डांवरही फार भिस्त ठेवू नये. २०२३ पासून नियम बदलला आणि प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटे वगळता नवा पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबेनासे झाले. त्यामुळे जुन्या आणि नव्या हंगामांची तुलना करताना प्रत्येक धावेमागचे यार्डच बघावेत. हंगामाच्या बेरजेबाबतही तीच काळजी घ्यावी लागते. २०२४ मध्ये बॉइसी स्टेटच्या ॲश्टन जेंटीने १४ सामन्यांत २,६०१ यार्ड काढले, आणि ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा १९८८ चा २,६२८ यार्डांचा विक्रम २७ यार्डांनी हुकला. सँडर्सची बेरीज मात्र ११ सामन्यांची आहे, कारण त्या काळी हंगामाअखेरच्या बोल सामन्यातले यार्ड अधिकृत बेरजेत धरत नसत. दोन्ही कामगिऱ्या थोर आहेत, परंतु बेरजा शेजारी मांडून त्यांची तुलना होत नाही.

दुसरी पायरी : प्रत्येक धाव यशस्वी की अयशस्वी, हे ठरवावे

सरासरी हा आकडा भाबडा असतो. दहा षटके चाचपडलेल्या फलंदाजाने एका षटकात चार षटकार मारले तर त्याचा स्ट्राइक रेट सुधारतो, पण त्याआधीची दहा षटके संघाला कुठे घेऊन गेली हे त्यातून कळत नाही. धावेचेही तसेच आहे. म्हणून कॉलेज फुटबॉलच्या विश्लेषणात रुळलेली कसोटी वापरावी : पहिल्या डाउनला आवश्यक यार्डांपैकी किमान निम्मे, दुसऱ्या डाउनला किमान ७० टक्के, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या डाउनला सगळेच्या सगळे मिळाले, तर ती धाव यशस्वी. पहिल्या डाउनला १० यार्ड हवे असताना मिळालेले ५ यार्ड यशस्वी ठरतात, तर तिसऱ्या डाउनला ८ यार्ड हवे असताना मिळालेले ७ यार्ड अयशस्वी, कारण त्यानंतर बहुधा चेंडू सोडूनच द्यावा लागतो.

वहीत चार रकाने आखावेत : डाउन, हवे असलेले यार्ड, मिळालेले यार्ड, आणि यशस्वी असल्यास एक टिंब. पहिल्या सामन्यात हात मागे पडतो, पण तिसऱ्या सामन्यापर्यंत सवय होते.

यशाचे प्रमाण काढल्यावर मोठ्या धावांचा हिशेब मात्र स्वतंत्र मांडावा, कारण त्या नुसत्या नशिबाच्या नसतात आणि सामने त्यांवरच फिरतात. ८ जानेवारी २०२४ च्या अंतिम सामन्यात मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवले तेव्हा डॉनोव्हन एडवर्ड्सने ६ धावांत १०४ यार्ड काढले. त्यांतल्या दोनच धावा ४१ आणि ४६ यार्डांच्या होत्या आणि दोन्ही टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे, गेल्या. उरलेल्या चार धावांत मिळून १७ यार्ड. सतरापेक्षा जास्त यार्डांची सरासरी दाखवून एडवर्ड्सबद्दल काहीच सांगता येत नाही. ज्या दोन धावांनी सामना सुरुवातीलाच मिशिगनकडे झुकवला, त्या वगळूनही काही सांगता येत नाही. म्हणून दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत : यशस्वी धावांचे प्रमाण, आणि १० यार्डांहून मोठ्या धावांची संख्या. पहिला आकडा चांगला आणि दुसरा दुबळा असेल, तर संघ घाम गाळून पुढे सरकतो पण लांब टप्पा गाठत नाही. उलट चित्र असेल, तर एकटा वेगवान खेळाडू आघाडीच्या फळीच्या चुका झाकत असण्याची शक्यता मोठी.

तिसरी पायरी : चेंडूवरून नजर काढून आघाडीच्या फळीवर ठेवावी

या लेखातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आकड्यांत जे महिनाभराने दिसते ते येथे एका खेळीत दिसते. आक्रमणाच्या या फळीत पाच जण असतात : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. एका सामन्यातल्या निदान वीस खेळी फक्त एका गार्डकडे पाहण्यात घालवाव्यात.

तिसरा डाउन, दोन यार्ड हवेत, सगळ्या मैदानाला धाव येणार हे कळलेले. गार्डचा एक हात जमिनीवर टेकलेला असतो. त्या बोटांवर भार पडून सांधे पांढरे पडले असतील, तर त्याला पुढे झेपावायचे आहे, हात हलका टेकला असेल तर मागे सरून पाससाठी उभे राहायचे असू शकते. बचावपटू हेच बारकावे वाचत असतात. स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देऊन खेळी सुरू करताच, त्याचे पहिले पाऊल पाहावे. झोन पद्धतीत पाचही जण एकाच दिशेने, जणू एका दोरीने ओढल्यासारखे, तिरके पाऊल टाकतात. पॉवर पद्धतीत एका बाजूचा गार्ड मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या फटीत शिरतो आणि तेथे येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागच्या खेळाडूला, अडवतो. तो वेळेवर पोहोचला का, आणि धडकेनंतर कोणाचे खांदे मागे गेले, याचे उत्तर मिळाले की धाव दोन यार्डांची झाली की दहाची, हे दुय्यम ठरते.

त्याबरोबर रनिंग बॅकला पहिला स्पर्श कुठे झाला तेही लिहावे. स्क्रिमेज रेषेच्या, म्हणजे खेळी जेथून सुरू होते त्या रेषेच्या, मागेच झाला तर दोष बहुधा फळीचा, तीन-चार यार्ड पुढे झाला तर फळीने काम केले आणि पुढचे श्रेय किंवा अपयश धावणाऱ्याचे. या दृष्टीने दोन नोंदी विशेष उपयोगी पडतात : किती धावा रेषेवर किंवा रेषेमागेच अडवल्या गेल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या डाउनला दोन किंवा त्याहून कमी यार्ड हवे असताना धावून किती वेळा ते मिळाले.

चौथी पायरी : समोर किती जण उभे आहेत ते मोजावे

आक्रमणाच्या फळीसमोर, दोन टॅकलांच्या रुंदीत उभ्या असलेल्या बचावपटूंच्या जागेला बॉक्स म्हणतात. स्नॅपआधी ते मोजावेत. सहा जण असताना पाच यार्ड काढणे आणि आठ जण असताना पाच यार्ड काढणे, या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. संघ वारंवार सहांसमोर धावत असेल तर त्याचे बरेच श्रेय पासच्या धाकाला द्यावे लागते, आणि येथूनच समतोलाचा विषय सुरू होतो.

क्वार्टरबॅक स्वतः धावणारा असेल तर हे गणित आणखी बदलते. चेंडू सोपवून तो नुसता उभा राहिला, तर बचावाला एक माणूस फुकट मिळतो. पण चेंडू द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा हे एका मोकळ्या सोडलेल्या बचावपटूकडे पाहून तो ठरवत असेल, तर तो बचावपटू न अडवताच खेळातून बाद होतो. लुइव्हिलच्या लमार जॅक्सनने २०१६ मध्ये १,५७१ यार्ड धावून हंगामातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक मिळवला, तेव्हा त्या संघाच्या बाकी धावा किती सोप्या झाल्या असतील याची कल्पना करता येते. म्हणून क्वार्टरबॅकच्या ठरवून केलेल्या धावा, पास बिघडल्यावर जीव वाचवून केलेल्या धावा आणि रनिंग बॅकच्या धावा यांचे तीन वेगळे हिशेब ठेवावेत.

पाचवी पायरी : प्रतिस्पर्धी आणि धावफलक लक्षात घ्यावा

सप्टेंबरमध्ये बलाढ्य संघ दुबळ्यांशी खेळतात, त्या यार्डांचे वजन कमी धरावे. जेंटीचाच दाखला पुन्हा घेऊ : ३१ डिसेंबर २०२४ च्या फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटविरुद्ध त्याला ३० धावांत १०४ यार्ड मिळाले आणि बॉइसी स्टेट ३१-१४ असे हरले. खेळाडू तोच, पण बचावफळी वेगळ्या ताकदीची. त्याची हंगामातली सरासरी सुमारे ७ यार्ड होती, त्या दिवशी ती साडेतीनच्या आसपास राहिली. त्याचप्रमाणे मोठी आघाडी असलेला संघ घड्याळ संपवण्यासाठी धावतो आणि पिछाडीवरचा फेकतो. त्यामुळे निकाल लागून गेलेल्या सामन्याची शेवटची मिनिटे वहीतून वगळावीत. ‘जास्त धावणारे संघ जिंकतात’ या विधानात पुष्कळदा कारण आणि परिणाम यांची उलटापालट झालेली असते.

सहावी पायरी : आता समतोल

समतोलासाठी फक्त पहिल्या आणि दुसऱ्या डाउनच्या, चुरस टिकून असतानाच्या खेळी घ्याव्यात. त्यांत धाव आणि पास यांचे प्रमाण काढावे, पण तेथे थांबू नये. धावेचे यशाचे प्रमाण आणि पासचे यशाचे प्रमाण शेजारी मांडावे, आणि सॅक पासच्या बाजूला धरावेत. दोन्ही आकडे जवळपास असतील तर संघाची निवड समंजस आहे. पास कितीतरी अधिक यशस्वी असूनही संघ हट्टाने धावत असेल, तर संख्येचा समतोल साधूनही तो संघ यार्ड वाया घालवतो आहे.

त्यानंतर खेळाडूंच्या रचनेकडे पाहावे. एका रचनेतून नेहमी धाव आणि दुसरीतून नेहमी पास येत असेल, तर बचावाला स्नॅपआधीच उत्तर मिळते. एकाच रचनेतून दोन्ही येत असेल, आणि धावेचा बनाव करताच लाइनबॅकर एक पाऊल पुढे सरून मागे जागा मोकळी करत असतील, तर तो खरा समतोल. अलीकडे एकाच खेळीत धाव आणि पास दोन्ही तयार ठेवून स्नॅपनंतर निवड करण्याची पद्धत रुळली आहे. कॉलेजच्या नियमांनुसार पास सुटण्यापूर्वी फळीतले खेळाडू तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड, म्हणून ही पद्धत कॉलेजमध्ये अधिक फुलली. अशा खेळीची नोंद धाव झाली की पास, हे बचावाने ठरवलेले असते, तेव्हा या खेळींसमोर वहीत वेगळी खूण करावी.

टेक्सास टेक आणि वॉशिंग्टन स्टेट येथे सतत पास फेकणारे प्रशिक्षक माइक लीच निम्मे-निम्मे प्रमाणाला समतोल मानतच नसत. चेंडू हाताळणाऱ्या सर्व जागांवरच्या खेळाडूंनी आक्रमणात वाटा उचलावा, हा त्यांचा समतोल होता. दुसऱ्या टोकाला लष्करी अकादमीचा आर्मी संघ आहे. तो ऑप्शन पद्धतीने जवळजवळ सतत धावतो, आणि २०२४ मध्ये १२ सामने जिंकून त्याने अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचे विजेतेपदही मिळवले. तेथे समतोल धावेच्या आतच असतो : मधून फुलबॅक हा धावक, कडेने दुसरा धावक, आणि यांपैकी कोणाकडे चेंडू जाणार हे शेवटच्या क्षणी ठरवणारा क्वार्टरबॅक. अशा संघाचे धाव-पास प्रमाण काढण्यापेक्षा मधल्या आणि कडेच्या धावांचे प्रमाण काढावे.

वहीची पाने महिन्यांप्रमाणे वेगळी ठेवावीत. नोव्हेंबरमध्ये थंडी, वारा, दुखापती आणि ओळखीचे प्रतिस्पर्धी एकदम समोर येतात. तेव्हा सप्टेंबरचे पान शेजारी उघडून, तिसऱ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना तोच गार्ड पहिले पाऊल तितकेच टाकतो आहे का, ते पाहावे.