इलियट वेव्हची मोजणी : बाजाराचे वळण आणि स्टॉपलॉस

अमेरिकेतील लेखापाल राल्फ नेल्सन इलियट यांनी १९३० च्या दशकात शेअर बाजाराचे जुने आलेख अभ्यासून असे मांडले की, मुख्य कलाच्या दिशेची चाल पाच लाटांत पूर्ण होते आणि त्यानंतरची उलट चाल बहुधा तीन लाटांत होते. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील जे नवे गुंतवणूकदार ही पद्धत शिकू पाहतात, ते प्रथम बाजार कुठे वळणार हे विचारतात. माझ्या मते, आपली मोजणी कोणत्या भावाला खोटी ठरते, हे या पद्धतीतून अधिक खात्रीने कळते, आणि अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी.

साप्ताहिक आलेखावर एखादा ठळक तळ निवडून तिथून मोजणी सुरू करावी. तीन नियम मोडता येत नाहीत : दुसरी लाट पहिलीच्या आरंभाखाली जात नाही, पहिली, तिसरी व पाचवी यांत तिसरी सर्वांत लहान नसते, आणि चौथी लाट पहिलीच्या शिखराखाली उतरत नाही. शेवटच्या नियमाला पाचरीच्या आकाराच्या रचनांचा अपवाद आहे, पण नवशिक्याने तो सध्या बाजूला ठेवावा, कारण चुकलेली मोजणी वाचवण्यासाठीच त्याचा बहुतेकदा आधार घेतला जातो.

समजा, एखादा शेअर १०० वरून १४० वर गेला आणि ११६ पर्यंत उतरला, म्हणजे वाढीचा ६० टक्के भाग परत गेला. दुसऱ्या लाटेत पहिलीच्या वाढीचा ५० ते ६१.८ टक्के भाग परत जाणे बऱ्याचदा आढळते; ६१.८ टक्के, तसेच पुढे येणारे १.६१८ व ३८.२ टक्के, ही फिबोनाची अंकमालिकेतून आलेली प्रमाणे आहेत. इथून भाव वर वळून १२० झाल्यावर खरेदी केली, तर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा रोखण्यासाठी आधीच ठरवलेला विक्रीचा भाव, १०० च्या किंचित खाली येतो, कारण त्याखाली ही दुसरी लाट उरतच नाही. प्रत्येक शेअरमागे सुमारे २० रुपयांची जोखीम आहे. २,००० रुपयांहून अधिक गमावण्याची तयारी नसेल, तर शंभराहून जास्त शेअर घेऊ नयेत. तिसरी लाट पहिलीच्या १.६१८ पट धरल्यास ती १८१ च्या आसपास पोहोचते. चौथी १५६ पर्यंत आली आणि पाचवी पहिलीइतकीच लांब गेली, तर १९६ च्या आसपास वळण अपेक्षित धरता येते. मात्र तेवढ्यावरून विक्री करू नये. भाव नवे शिखर गाठत असताना आरएसआय (भावाच्या चालीचा जोर दाखवणारा दर्शक) स्वतःच्या आधीच्या शिखराखाली राहतो का, हे पाहावे, आणि दुसऱ्या व चौथ्या लाटेचे तळ जोडणारी रेषा तुटल्यावरच वळण पक्के मानावे.

हे आकडे अंदाजाचे आहेत, याचे उदाहरण निफ्टीतच आहे. मार्च २०२० मधील ७,५११ च्या तळापासून ऑक्टोबर २०२१ मधील १८,६०४ पर्यंतच्या वाढीचा ३८.२ टक्के भाग परत गेला असता, तर निर्देशांक १४,३६६ च्या जवळ आला असता. प्रत्यक्षात जून २०२२ मध्ये तो १५,१८३ वरूनच वर वळला. जे फक्त त्या आकड्याची वाट पाहत राहिले, त्यांची खरेदी हुकली.

लाटेला तारीख नसते, ही या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि म्हणूनच ठरावीक तारखेला मुदत संपणाऱ्या ऑप्शन्स करारांमध्ये ती वापरू नये, असे मी आग्रहाने सांगतो. बाजार नियामक सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ मध्ये शेअर फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दहापैकी जवळजवळ नऊ वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. निपाणीत तंबाखू विकून आलेली आणि पुढच्या हंगामाच्या खतासाठी लागणारी रक्कम, किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातील पगारातून मुलांच्या शुल्कासाठी राखलेले पैसे, या कामात घालू नयेत; ज्या पैशांची गरज ठरलेल्या दिवशी भासणार आहे, ते चौथी लाट महिनोन्‌महिने रेंगाळली तर थांबू शकत नाहीत.

मोजणी कागदावर लिहून तिच्याशेजारी ती खोटी ठरण्याचा भाव खरेदीपूर्वीच नोंदवावा. तो भाव तुटल्यास आधी बाहेर पडावे आणि नवी मोजणी त्यानंतरच मांडावी.