कॅन्सर रिसर्चरची पेपरांची यादी कशी वाचायची

परवा भाचीचा फोन, मामा ज्या सरांकडे पीएचडीला जायचंय त्यांचे दीडशे पेपर आहेत, म्हणजे भारीच ना? म्हटलं थांब जरा, दीडशे हा आकडा काही सांगत नाही बघ. मग तासभर बोललो, तेच इथे लिहितोय.

आधी पबमेड उघडा, वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या पेपरांची ऑनलाइन सूची, फुकट आहे. आडनाव आणि इनिशियल टाकून ऑथर म्हणून शोधा. आता गंमत अशी की पाटील एस किंवा जोशी ए टाकलंत तर अख्खा महाराष्ट्र येणार, त्यामुळे सोबत संस्थेचं नाव टाका. पण २०१४ च्या आधीच्या नोंदींत बहुतेक फक्त पहिल्या लेखकाचाच पत्ता असतो, म्हणजे संस्थेने गाळलं की जुने पेपर गळतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे अर्धे पेपर तर दुसऱ्याच नावावर पडलेले असतात. ओआरसीआयडी नंबर, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, असेल तर त्याने बघा, पण तो प्रकार २०१२ मध्ये सुरू झाला, जुनं काम त्यात ज्याने त्याने स्वतः भरलं असेल तरच दिसतं.

यादी आली की वर्षाप्रमाणे लावा आणि जुन्यापासून वाचायला घ्या. नव्यापासून वाचलं की माणूस आज काय विकतोय तेवढंच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नावांचा क्रम. मॉलिक्युलर बायोलॉजीत साधारण असं धरतात की पहिलं नाव ज्याने हाताने प्रयोग केले त्याचं आणि शेवटचं लॅब ज्याची त्याचं, मधले मदतीचे. ठीक आहे, पण डोळे झाकून लावू नका. एमआयटी आणि व्हाइटहेड इन्स्टिट्यूटचे कॅन्सर संशोधक रॉबर्ट वाइनबर्ग घ्या. १९८२ चा नेचरमधला पेपर, मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशीतलं रास जीन एकाच अक्षराच्या बदलाने बिघडतं, त्याच्या प्रोटीनमध्ये बाराव्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन येतं एवढंच, हे दाखवणारा. त्यात वाइनबर्ग चौथे! १९८६ चा रेटिनोब्लास्टोमाच्या (डोळ्याच्या एका कॅन्सरच्या) जीनवरचा, म्हणजे आरबीवरचा पेपर, तोही नेचरमध्ये, तिथेही चौथेच, शेवटी नाव आहे थॅडियस ड्रायजा यांचं. दोन-तीन लॅब एकत्र आल्या की असं होतं. फक्त शेवटचं नाव बघून चाळणी लावली असती तर त्यांचे दोन सगळ्यात गाजलेले पेपर हातातून गेले असते. आणि हो, १९८४ ते १९९५ या काळात पबमेडच्या नोंदीत पहिले दहाच लेखक घ्यायचे, त्यामुळे लांब यादीत खरे शेवटचे साहेब गायबच असू शकतात, मूळ पेपर उघडून बघा.

रासचा तोच बदल त्याच वर्षी बार्बासिड आणि विगलर यांच्या लॅबनीही छापला, हेही बघायची सवय लावा, की शोध एकट्याचा होता की शर्यत चालू होती. शर्यतीत दुसरा येणं वाईट नाही हं, उलट तीन लॅबना एकच उत्तर मिळालं म्हणजे उत्तर पक्कं.

मग पबमेडच्या डाव्या बाजूला रिव्ह्यूचा (आधीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखांचा) फिल्टर आहे तो लावून रिव्ह्यू वेगळे काढा. हॅनाहान आणि वाइनबर्ग यांचा २००० सालचा हॉलमार्क्सचा लेख (सेलमध्ये आलेला, कॅन्सरच्या सहा खुणा सांगणारा) प्रचंड साइट होतो, म्हणजे इतर पेपर त्याचा संदर्भ देतात, पण तो रिव्ह्यू आहे, नवा प्रयोग त्यात नाही. २०११ ला तो वाढवला, २०२२ ला हॅनाहान यांनी एकट्याने पुन्हा लिहिला. म्हणजे साइटेशनचा आकडा मोठा दिसला की आधी विचारा, प्रयोगाचा की लेखाचा? एच-इंडेक्सला, म्हणजे पेपर आणि साइटेशन मिळून काढलेल्या आकड्याला, हा फरक कळत नाही.

धागा शोधा मग. रास, आरबी, नंतर १९९९ ला टेलोमरेज (पेशीला विभागत राहू देणारं एन्झाइम) आणि रास वगैरे मोजकी जीन्स घालून माणसाच्या साध्या पेशीची कॅन्सरची पेशी बनवली, इथे वाइनबर्ग शेवटचे आहेत. एकाच प्रश्नाचा पाठलाग दिसतो ना? ज्या यादीत दर वर्षी नवा कॅन्सर, नवं जीन आणि तोच साचा, तिथे मी तरी सावध होतो.

मागे घेतलेले (रिट्रॅक्ट केलेले) पेपर तपासा, पबमेडच्या पानावरच ठळक नोटीस असते, पबपीअरवरही, म्हणजे छापलेल्या पेपरांवर लोक शंका मांडतात त्या साइटवर, नाव टाकून बघा, वेस्टर्न ब्लॉटची (प्रोटीन दाखवणाऱ्या चाचणीच्या चित्राची) तीच पट्टी दोनदा वापरली वगैरे तिथे लोक पकडतात. एखादी नोटीस दिसली म्हणून लगेच फुली मारू नका, वाइनबर्ग यांच्या लॅबचाही २००९ चा सेलमधला एक पेपर २०१५ ला मागे घेतला गेला. नोटीस कोणी दिली आणि कारण काय लिहिलंय ते वाचा.

आणि गाइड निवडायचा असेल तर शेवटचं काम, पहिल्या लेखकांची नावं काढून ती पुन्हा पबमेडमध्ये टाका. १९८२ च्या त्या पेपरातले पहिले क्लिफ टॅबिन, त्यांनी पुढे कोंबडीच्या पिलात हातपाय कसे घडतात यावर स्वतःची लॅब उभी केली, तिसऱ्या कोरी बार्गमन, त्या गोलकृमीच्या मेंदूकडे वळल्या. भाचीला म्हटलं तुझ्या सरांचे पाच जुने विद्यार्थी असेच शोध. तिला दोनच सापडलेत आत्तापर्यंत, उरलेल्यांची आडनावं पाटील आहेत.