‘सक्त मनाई’ इंग्रजीत लिहिताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या फाटकावर ‘स्मोकिंग इज व्हेरी प्रोहिबिटेड’ अशी पाटी मी पाहिली, आणि ‘सक्त’ या एका शब्दाने लिहिणाऱ्याची किती अडचण केली असेल हे लक्षात आले. मनाई एक तर असते किंवा नसते, तिला कमी-जास्त असे माप नसते. म्हणून प्रोहिबिट किंवा फॉरबिड या क्रियापदांना ‘व्हेरी’ चालत नाही, तेथे ‘स्ट्रिक्टली’ हाच रुळलेला शब्द असून तो ‘इज’ आणि ‘प्रोहिबिटेड’ यांच्या मधोमध बसतो.

करारपत्रात मात्र ‘एक्स्प्रेसली’ हा शब्द भेटतो आणि पुष्कळ जण त्याचा अर्थ ‘कडकपणे’ असाच घेतात. तो मनाईचा कडकपणा सांगत नाही, तर ती मोघम न ठेवता स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे एवढेच सांगतो. परदेशी खरेदीदाराने ‘सबकॉन्ट्रॅक्टिंग इज एक्स्प्रेसली फॉरबिडन’ असे कलम घातले असेल, तर ‘आम्हाला तसे कोठे लिहून दिले होते?’ ही पळवाट आपल्याला उरत नाही.

सर्वांत फसवी जागा नकाराची आहे. ‘नॉट स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ असे लिहिले की ‘काटेकोरपणे पाहिल्यास बंदी नाही’ असा अर्थ निघतो, आणि वाचणारा ती जवळजवळ परवानगीच समजतो. ‘स्ट्रिक्टली नॉट अलाउड’ आपल्याकडे सर्रास दिसते. पाटीवर ते खपून जाते, पण पत्रात मी ते टाळतो.