फिशटँकला रात्रीचा निळा एलईडी कसा जोडायचा, खाऱ्या हवेत टिकेल असा

टँकची मोठी लाईट फटकन बंद केली की मासे दचकतात, काचेवर आपटतात, झाकण नसेल तर काही उडी मारून बाहेरही पडतात. म्हणून मोठी लाईट घालवायच्या आधीच एक मंद निळा एलईडी लावायचा आणि तास-दोन तासांनी तोही बंद करायचा. वायरिंग सोपं आहे, पण रत्नागिरी, देवगड, मालवणकडे समुद्राजवळच्या घरात हवेतच मीठ असतं, त्यामुळे खरी मेहनत जॉइंट झाकण्यात आहे.

सामान: ५ मिमीचा निळा एलईडी, ४७० ओहमचा पाव वॅट रेझिस्टर (पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी), जुनी यूएसबी केबल, ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). चार्जर बीआयएस (सरकारी मानक संस्था) नंबरवालाच घ्या, बिननावाचा स्वस्तातला टँकजवळ अजिबात नको, आत २३० व्होल्टची बाजू नीट वेगळी केलेली नसली तर करंट बाहेरच्या वायरीत येऊ शकतो.

आधी केबलचं टोक कापा. आत बहुतेक लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार वायरी निघतात, लाल म्हणजे प्लस, काळी मायनस, पण स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नाही म्हणून मल्टिमीटर लावून बघाच. पांढरी-हिरवी आखूड कापून वेगवेगळ्या झाका. तांबं काळं किंवा हिरवट दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, त्या थरावर सोल्डर धरतच नाही.

आता स्लीव्हचे तुकडे वायरीत आधीच ओवून ठेवा, मग चार्जर काढलेला असतानाच लाल वायर रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक एलईडीच्या लांब पायाला आणि काळी वायर आखूड पायाला सोल्डर करा. निळा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो, उरलेले २ रेझिस्टरवर पडतात, म्हणजे करंट ४ मिलिअँपच्या आसपास, एलईडी २० पर्यंत सहन करतो पण रात्रीसाठी एवढा उजेड भरपूर. अजून मंद हवा तर १ किलोओहम टाका. रेझिस्टरशिवाय थेट ५ व्होल्ट देऊ नका, एलईडी जळेल. आता चार्जर लावून बघा, पेटलाच नाही तर पाय उलटे लागलेत का बघा.

पेटतोय म्हटल्यावर चार्जर काढून जॉइंटवरचा फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट मळ) स्पिरिटने पुसा, तो तसाच राहिला की खारट ओल धरतो आणि आतून गंज सुरू होतो. मग स्लीव्ह गरम करून आवळा, आतून गोंद असलेली मिळाली तर उत्तमच, आणि दोन्ही टोकांना सिलिकॉन लावून एक दिवस वाळू द्या.

एलईडी पाण्यात सोडू नका, काचेच्या झाकणावर बाहेरून खाली तोंड करून चिकटवा. चार्जर टँकच्या वर कधीच नको, बाजूला लावा आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा म्हणजे ओघळ आला तरी पाणी खालीच गळेल. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवून घ्या, पंप-हीटरसाठीही तो हवाच.

रात्रभर मात्र चालू ठेवू नका, माशांना पापण्या नसतात, त्यांना पूर्ण काळोख लागतो आणि सतत उजेडाने शेवाळही वाढतं. साधा प्लग टायमर लावला की काम झालं, फक्त पावसाळ्यात लाईट गेली की काट्याचा टायमर मागे पडतो, लाईट आल्यावर वेळ जुळवून घ्या. पॉवर बँकवर चालवायचा विचार असेल तर इतक्या कमी करंटला बरेचसे पॉवर बँक आपोआप बंद होतात, त्यापेक्षा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावलेला बरा.