आइसकास्टची नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात सकाळची मैफल भरते, तेव्हा जिना चढणे आता ज्यांना जमत नाही असे कितीतरी जाणकार श्रोते ती घरूनच ऐकतात. त्यांच्यापर्यंत तानपुऱ्याचा सूर अखंड पोचवणारा आइसकास्ट सर्व्हर मी सांभाळतो. झिफ डॉट ऑर्ग फाउंडेशनचे हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अद्ययावत करताना बदलांची यादी नुसती वाचू नये. सर्व्हरची सगळी मांडणी जिच्यात लिहिलेली असते ती आपली आइसकास्ट डॉट एक्सएमएल ही फाइल शेजारी उघडून त्यातली प्रत्येक दुरुस्ती आपल्या मांडणीशी ताडून पाहावी.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या २.४.४ या आवृत्तीचे उदाहरण घ्या. श्रोत्याला प्रवेश द्यायचा की नाही हे दुसऱ्या वेब सर्व्हरला विचारून ठरवण्याची, म्हणजे यूआरएल ऑथेंटिकेशनची सोय आइसकास्टमध्ये आहे. त्या भागात मजकूर जोडणारे फंक्शन प्रत्यक्षात किती अक्षरे लिहिली गेली ते सांगत नसे, तर पुरेशी जागा असती तर किती लिहिली गेली असती ते सांगत असे. तोच आकडा पुढच्या लेखनाची जागा ठरवण्यासाठी वापरला गेल्यामुळे मुद्दाम लांबवलेले हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी, पाठवून मेमरीची मर्यादा ओलांडता येत होती. ज्यांनी ही सोय चालू केली आहे त्यांच्यासाठी ही दुरुस्ती तातडीची होती; ज्यांच्याकडे ती बंद आहे, त्यांना कार्यक्रमाच्या आदल्या रात्री धावपळ करण्याचे कारण नव्हते.

आवृत्तीच्या क्रमांकावर मात्र पूर्ण विसंबू नये. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत सुरक्षेच्या दुरुस्त्या पुष्कळदा जुन्याच क्रमांकाच्या पॅकेजमध्ये आणून बसवलेल्या असतात, म्हणून त्या पॅकेजचा स्वतंत्र चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, पाहावा.

त्यानंतर आपल्या आइसकास्ट डॉट एक्सएमएलची प्रत काढून ठेवावी आणि त्याच यंत्रावर नवी आवृत्ती वेगळ्या ठिकाणी बसवून, ८००० ऐवजी ८०१० पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर), लॉगच्या म्हणजे नोंदींच्या वेगळ्या फोल्डरसह आणि रूट (सर्वाधिकारी) नसलेल्या वापरकर्त्याच्या खात्यातून चालवावी. नमुना फाइलमधला ‘हॅकमी’ हा पासवर्ड कुठेही उरलेला नाही, याची याच वेळी खात्री करून घ्यावी. लॉगची पातळी चाचणीपुरती ४ ठेवल्यास बारीकसारीक नोंदीही मिळतात.

चाचणी चालू असतानाच बर्स्ट-साइझ या मूल्याचा हिशेब करावा, कारण श्रोत्यांच्या बऱ्याच तक्रारी नव्या आवृत्तीने नव्हे, तर या एका आकड्याने मिटतात. श्रोता जोडला गेला की सर्व्हर आधीचा काही ध्वनी एकदम पाठवतो, त्यामुळे आवाज लगेच सुरू होतो. हे मूल्य सहसा ६५,५३५ बाइट असते. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटच्या) प्रवाहात ते सुमारे ४ सेकंदांचे होते, पण भाषणासाठी ३२ केबीपीएस वापरल्यास तेच १६ सेकंदांवर जाते आणि सभागृहातली टाळी घरी फार उशिरा ऐकू येते. अशा वेळी १६,३८४ बाइट पुरतात. याहून खाली गेल्यास कमकुवत मोबाइल जोडणीवर आवाज तुटतो, आणि माझ्या मते थोडा उशीर परवडतो, पण तुटलेली मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ती ओढ, परवडत नाही.

मे महिन्यात पुण्यात वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते, तेव्हा सभागृहातला संगणक बंद पडून सर्व्हरचा स्रोतच नाहीसा होतो. फॉलबॅक-माउंट, म्हणजे अशा वेळी श्रोत्यांना वळवायचा पर्यायी प्रवाह, दिलेला नसेल, तर सर्व श्रोत्यांची जोडणी तुटते. म्हणून त्याच ध्वनिप्रकाराचा एक पर्यायी प्रवाह तयार ठेवावा आणि फॉलबॅक-ओव्हरराइड १ करावे, म्हणजे मूळ स्रोत परतताच श्रोते आपोआप मैफलीत येतात. नवी आवृत्ती पारखताना सभागृहाच्या संगणकाची नेटवर्क केबल खरोखरच उपटून पाहावी, श्रोते पर्यायी प्रवाहावर गेले आणि परत आले याच्या नोंदी एरर लॉगमध्ये शोधाव्यात, आणि हे दोन्ही नीट दिसल्यावरच, कार्यक्रम नसलेल्या दिवशी, जुना सर्व्हर थांबवून नवा ८००० पोर्टवर सुरू करावा. पोर्टमधला बदल नुसत्या रीलोडने, म्हणजे चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावून, लागू होत नाही, त्यासाठी सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो.