परदेशी निघालेल्या लेकराची बांधाबांध

आपल्या संस्थेतलं मूल परदेशातल्या आईबाबांकडे दत्तक जातं, तेव्हाची ही तयारी. कागदांचं आधी उरकून टाकू, कारण ते सहसा कोणी विसरत नाही. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिचं ना-हरकत पत्र, दत्तकाचा आदेश, नव्या आईबाबांच्या नावाचा जन्मदाखला, हेग कराराच्या कलम २३ नुसार मिळणारं प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. हा देशादेशांतल्या दत्तकाबद्दलचा करार १९९३ चा, भारत त्यात २००३ साली आला. मुलाच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर अक्षर न् अक्षर जुळवून बघा. लसीकरणाचं कार्ड सोबत द्याच. बीसीजी घेतलेल्या मुलाची क्षयरोगाची त्वचाचाचणी कधीकधी पॉझिटिव्ह येते, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना ती नोंद लागते.

खरी तयारी पुढे आहे. मुलाची रोजची चादर किंवा दुपटं धुऊ नका, फाटकं असलं तरी टाकू नका. एका पाच वर्षांच्या मुलाला मी सगळं नवंकोरं देऊन पाठवलं होतं. इथे नाशिकमध्ये हॉटेलवर आईबाबांसोबत तो तीन रात्री आपली जुनी गोधडी शोधत रडला. ती मी आदल्याच दिवशी टाकून दिली होती. ती चूक मला आजही सलते. म्हणून सांगते, ते फडकं बॅगेत खाली दडपू नका, विमानात हाताशी येईल असं ठेवा.

आईबाबा यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून वीसेक मराठी शब्द घोटून घ्या. पाणी, शू, दुखतंय, भीती वाटते, कडेवर घे. वरणभात कसा कालवतो तेही दाखवा. पहिली भेट मुलाच्या ओळखीच्या खोलीत, संस्थेत त्याला सांभाळणाऱ्या मावशीच्या मांडीवरच होऊ दे. ती अंगाई म्हणत असेल तर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या.

फोटोंची वही करा. गोदाघाट, शाळेची रिक्षा, जेवणाची पंगत, मावश्या, मित्र, प्रत्येकाखाली नाव. हेच मूल वीस वर्षांनी मुळं शोधत नाशिकला येऊ शकतं, तेव्हा कुठून सुरुवात करायची ते त्याला कळायला हवं. मात्र यातला एकही फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर नको. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही. तो कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

‘फिरायला चाललोय’ असं मुलाला कधीही सांगू नका. लांब जायचंय, आता तिथेच राहायचंय, मावशी सोबत येणार नाही, हे त्याला समजेल अशा शब्दांत, पुन्हापुन्हा सांगा. रडलं तर रडू द्या, जवळ बसा. त्याचं नाव लगेच बदलू नका, अशी विनंती आईबाबांना मी हात जोडून करते.

पुढची दोन वर्षं पाठपुराव्याचे अहवाल येतील, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आले की मावशीला वाचून दाखवा. तिने वाढवलेलं लेकरू आहे ते, आणि तिला कोणी काही कळवत नाही.

मुंबईचा प्रवास सकाळीच सुरू करा, कसारा घाटात उलटी होते म्हणून पोट हलकं ठेवा. गाडी वळली की त्याच्या पलंगावर लगेच दुसऱ्याची चादर घालू नका. मागे राहिलेली मुलं दारातून बघत असतात.