नव्या स्पोर्ट्स कारच्या पॅनेलचे फिटिंग ताब्यात घेण्यापूर्वी कसे तपासावे

शोरूममध्ये गाडीवरचे रेशमी आच्छादन दूर केले जाते, बॉनेटवर हार चढतो, नारळ फुटतो, घरची मंडळी फोटोसाठी उभी राहतात आणि कोणीतरी किल्लीची मोठी प्रतिकृती हातात देते. त्या घटकेला डाव्या दाराची फट उजव्या दारापेक्षा रुंद आहे का, हे वाकून पाहण्याचे भान कोणालाही राहत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की ही तपासणी पूजेच्या दिवशी करूच नये. ती त्याआधी, गाडीची नोंदणी होण्यापूर्वी, शोरूमच्या यार्डात दिवसाउजेडी करावी, आणि तशी अट बुकिंगच्या वेळीच लेखी नोंदवून घ्यावी. एकदा तुमच्या नावावर नोंदणी झाली, की दोष दाखवणारा ग्राहक आणि गाडी नाकारणारा ग्राहक यांच्या बळात फार मोठा फरक पडतो.

चाकणच्या पट्ट्यातील एका कारखान्यात बॉडी फिटिंगच्या लाइनवर मी अनेक वर्षे काम केले आहे. तिथे दिवसभर दोनच शब्द कानांवर पडत: ‘गॅप’ आणि ‘फ्लश’. गॅप म्हणजे शेजारच्या दोन पॅनेलमधील, म्हणजे बॉडीच्या बाहेरच्या दोन भागांमधील, फटीची रुंदी. फ्लश म्हणजे ती दोन पॅनेल एका पातळीत आहेत, की त्यांतले एक वर आणि दुसरे खाली आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत दार आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा बॉडीचा भाग) यांच्यामधील फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर धरून आखलेली असते आणि त्यात अर्धा ते एक मिलिमीटर इकडेतिकडे चालते. प्रत्येक जोडासाठी कंपनीचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे वरचे आकडे अंदाजापुरतेच घ्यावेत.

तपासणीला लागण्यापूर्वी कारखान्यात पॅनेल कोणत्या क्रमाने बसवतात हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण बाकी सगळे त्यावरच उभे आहे. नेहमीच्या पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीत छप्पर आणि मागच्या चाकावरचे क्वार्टर पॅनेल सांगाड्याला वेल्डिंगने, रिव्हेटने किंवा चिकटपदार्थाने कायमचे जोडलेले असते. ते नंतर हलवता येत नाही. त्या न हलणाऱ्या क्वार्टर पॅनेलशी जुळवून दार टांगले जाते, दाराशी जुळवून पुढचा फेंडर बसतो, दोन्ही फेंडरांच्या मध्ये बॉनेट बसते आणि सर्वांत शेवटी हेडलाइट व बंपर येतात. म्हणजे काम मागून पुढे सरकते आणि मागे राहिलेली चूकही पुढे सरकत जाते. दार अर्धा मिलिमीटर पुढे गेले, तर फेंडर पुढे जातो, मग बॉनेटची फट बिघडते, आणि ग्राहकाला दिसतो तो मात्र वाकडा वाटणारा बंपर. म्हणून तपासणीही मागून पुढेच करावी. बहुतेक जण गाडीच्या तोंडासमोर उभे राहून सुरुवात करतात आणि तिथे दिसलेला परिणाम म्हणजेच दोष असे धरून चालतात.

स्पोर्ट्स कारमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक होतो, आणि त्याची कारणे बनावटीतच आहेत. दोन दारांच्या गाडीचे दार लांब आणि जड असते, त्यामुळे बिजागरीपाशी झालेला लहानसा फरक दुसऱ्या टोकाला मोठा होऊन दिसतो. काही गाड्यांची बाहेरची पॅनेल धातूची नसतातच. अमेरिकेतील शेवरोले कॉर्व्हेट १९५३ साली मिशिगनमधील फ्लिंट येथे फायबरग्लासच्या बॉडीसह बनू लागली. त्या वर्षी ३०० गाड्या तयार झाल्या. पुढे १९८१ पासून तिचे उत्पादन केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे होते, आणि तिची बाह्य पॅनेल आजही मिश्र साहित्याचीच असतात. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिसमध्ये चिकटवलेल्या ॲल्युमिनियम सांगाड्यावर पुढचा आणि मागचा भाग जणू मोठ्या शिंपल्यासारखा अखंड बसवलेला होता. अशा रचनेत एक कोपरा सरळ करायला गेले, की दुसरा हलतो. १९८४ च्या पाँटियाक फिएरोसाठी कारखान्याने यावर सुरेख तोडगा काढला होता. पूर्ण जोडलेला सांगाडा यंत्रात घट्ट धरून प्लास्टिक पॅनेलच्या टेकूंच्या सगळ्या जागा एकाच वेळी तासल्या आणि छेदल्या जात, त्यामुळे वेल्डिंगमध्ये आलेला वाकडेपणा पॅनेलपर्यंत पोहोचतच नसे. त्या रचनेबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाके टेकलेली आणि सावलीत किमान तासभर उभी असलेली असावी. एक चाक कडेच्या दगडावर चढलेले असेल, तर विशेषतः उघड्या छताच्या गाडीत सांगाडा किंचित पिळला जातो आणि दाराची फट खोटे सांगते. सावलीचा आग्रह उष्णतेसाठी आहे. ॲल्युमिनियमची १ मीटर लांबी तापमान ४० अंश सेल्सियसने वाढले, की सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढते, पोलादाची सुमारे अर्ध्या मिलिमीटरने, आणि बंपरचे प्लास्टिक यांहून बरेच जास्त फुगते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचे बॉनेट इतके सहज तापते. अशा वेळी घेतलेल्या मापावरून वाद घालणे व्यर्थ आहे.

मापासाठी टेपर गेज, म्हणजे पाचरीसारखी निमुळती प्लास्टिकची मोजपट्टी, सर्वांत चांगली. ती नसेल तर एक घरगुती उपाय उत्तम चालतो. मुदत संपलेली, उठावदार अक्षरे नसलेली सहा बँक कार्डे बरोबर घ्यावीत. प्रमाणानुसार कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते; म्हणजे चार कार्डे मिळून ३ मिलिमीटरच्या किंचित वर, पाच मिळून ३.८ आणि सहा मिळून सुमारे ४.६. कार्डे एकत्र धरून, कडा स्वच्छ पुसून, जोर न लावता फटीत अलगद सरकवावीत. जात नसतील तर एक कार्ड कमी करावे. दाबून बसवल्यास रंगावर चरा उठेल आणि तो तुमच्याच नावावर जाईल. डावीकडे पाच कार्डे जात असतील आणि उजवीकडे त्याच ठिकाणी चारच जात असतील, तर फरक डोळ्यांना जाणवण्याइतका आहे असे समजावे.

सुरुवात दाराच्या मागच्या कडेपासून करावी. क्वार्टर पॅनेल आणि दार यांच्यातील फट वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजून लिहावी, मग दुसऱ्या बाजूची तीच तीन मापे घ्यावीत. फट वर रुंद व खाली अरुंद होत असेल, तर दार बिजागरीवर कलले आहे. त्यानंतर बोटाचे नख जोडावरून पुढून मागे फिरवावे; अर्ध्या मिलिमीटरची पायरीसुद्धा नखाला अडखळते. इथे एक नियम उपयोगी पडतो: वारा पुढून मागे वाहतो, म्हणून पुढच्या पॅनेलची कड मागच्यापेक्षा किंचित वर असलेली चालते, पण मागच्या पॅनेलची कड वर आलेली चालत नाही. ती वाऱ्याला अडवते आणि वेगात शिटीसारखा आवाज देते. हीच कृती दार व फेंडर, फेंडर व बॉनेट, बॉनेट व हेडलाइट, आणि शेवटी बंपर या क्रमाने करावी. डिकी किंवा मागच्या इंजिनाचे झाकण वेगळे तपासावे, कारण तेही न हलणाऱ्या क्वार्टर पॅनेलच्या आधारानेच बसते.

डावी-उजवी तुलना एकेका आकड्यापेक्षा महत्त्वाची का, याचा एक प्रसंग सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या दोन दारी लाल गाडीत बॉनेटची फट डावीकडे साडेचार आणि उजवीकडे साडेतीन मिलिमीटर होती. विक्रेत्याचे उत्तर होते, ‘दोन्ही मापे मर्यादेत आहेत, साहेब.’ मर्यादा चार अधिक-उणे अर्धा अशी असेल, तर ते खरेही होते. पण समोरून पाहताना बॉनेट स्पष्टपणे एका बाजूला सरकलेले दिसत होते. मेकॅनिकने बॉनेट दोनदा सैल करून सरकवले, आणि दोन्ही वेळा पुढची कड हेडलाइटला लागू लागली. मी मागून मापत आलो, तेव्हा उजव्या दाराची फेंडरजवळची फट डाव्यापेक्षा जवळजवळ एका कार्डाने रुंद निघाली, तर त्याच दाराची क्वार्टर पॅनेलकडची फट डाव्याइतकीच होती. म्हणजे दार जागेवर होते, उजवा फेंडर पुढे आणि आत बसला होता, आणि बॉनेट निर्दोष होते. फेंडरचे बोल्ट सैल करून तो मागे व बाहेर घेतल्यावर दोन्ही जोड एकदम सुधारले. अशा वेळी विक्रेत्याला ‘मर्यादा किती?’ याऐवजी ‘दोन्ही बाजूंतील फरकाची मर्यादा किती?’ असे विचारावे, कारण चांगल्या कंपन्या हा आकडाही ठरवून ठेवतात.

फ्रेम नसलेल्या काचेच्या दारांकडे जरा थांबून पाहावे. अनेक कूपे, म्हणजे दोन दारांच्या बंद छताच्या, गाड्यांत दार उघडताना काच काही मिलिमीटर आपोआप खाली जाते आणि बंद केल्यावर वर येऊन रबरात बसते. दार पाच-सहा वेळा उघडून लावून काच दर वेळी त्याच जागी येते का, हे पाहावे, आणि मग काचेच्या वरच्या कडेवर साध्या पाइपचे पाणी पाच मिनिटे सोडून आत हात फिरवावा. कारखान्यात प्रत्येक गाडी पाण्याच्या फवाऱ्याखालून जाते, पण वाहतुकीत आणि नंतरच्या हाताळणीत ही जुळणी बिघडू शकते.

पुढचा प्रश्न रंगाचा. मूळ रंगाची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. एखाद्याच पॅनेलवर ती शेजारच्यापेक्षा दुप्पट निघाली, तर ते पॅनेल पुन्हा रंगवले असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र जाडी मोजणारे नेहमीचे उपकरण केवळ धातूवर चालते. फायबरग्लास, कार्बन फायबर किंवा प्लास्टिकवर ते काहीही सांगत नाही. तिथे रबर बीडिंगवर उडालेले रंगाचे कण शोधावेत. बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या म्हणून लगेच अपघाताचा संशय घेऊ नये. रंगकामानंतर दारे आणि बॉनेट जुळवताना कारखान्यातही ते बोल्ट फिरवले जातात. बोल्टवर खुणा, रंग जाड आणि बीडिंगवर कण अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर मात्र लेखी खुलासा मागावा.

सापडलेल्या प्रत्येक दोषाचा, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह फोटो घ्यावा आणि सगळ्या दोषांची यादी कार्यशाळा व्यवस्थापकाच्या सहीने घ्यावी. बॉनेटखालची रबरी बटणे वर-खाली करणे, कुलपाचा स्ट्रायकर (कुलूप ज्यात अडकते ती कडी) एखाद-दोन मिलिमीटर हलवणे, फेंडर किंवा बंपर सरकवणे ही कामे शोरूममध्ये होण्याजोगी आहेत. बंपर काढावा लागणार असेल आणि त्यामागे पुढच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार असेल, तर ते पुन्हा जुळवून दिल्याचा कागद मागावा. पण क्वार्टर पॅनेल किंवा छप्परच जागेवर नसेल, किंवा एक जोड सुधारला की दुसरा बिघडत असेल, तर दुरुस्तीला होकार देऊ नये. दुसरी गाडी मागावी.

तोडगा निघत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तिथे सही केलेली ती यादी आणि ते फोटो कामी येतात.

गाडी ताब्यात घेतल्यानंतरही मापांची वही टाकून देऊ नये. दारांचे नवे रबर पहिल्या काही आठवड्यांत दबते आणि दार थोडे आत बसू लागते, त्यामुळे पहिल्या सर्व्हिसच्या आदल्या दिवशी त्याच ठिकाणी, त्याच कार्डांनी, सावलीत पुन्हा माप घ्यावे, आणि फरक पडला असेल तर तो जॉब कार्डवर लिहून घेऊनच गाडी आत सोडावी.